एड्रियाटिकची नावे, कोकणचे स्पंज

एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या मार्केट यार्डात गाळ्यागाळ्यावर एकच वाद रंगतो: पेटीतला हापूस रत्नागिरीचा की कर्नाटकचा? जाणता आडत्या साल, वास आणि गराचा रंग पाहून निकाल देतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या वेगळेपणामुळेच. पण दोन्हीकडची झाडे कलमांची आहेत, वंशाने एकच. फरक माती-हवेचा. इथे नजरेला दोन दिसतात आणि वंश एक असतो. समुद्रातल्या स्पंजांचे नेमके उलटे आहे, आणि तिथे भल्याभल्या अभ्यासकांची नजर दीडशे वर्षे फसत आली.

पूर्वपक्ष असा: स्पंज जन्मभर खडकाला चिकटून असला तरी त्याच्या अळ्या पाण्यात तरंगतात. समुद्र सगळीकडे जोडलेला आहे. तेव्हा भूमध्य समुद्रातली जात ब्राझीलला किंवा मालवणला सापडली, तर त्यात नवल काय?

हे मत अडाणीपणाचे नव्हते. स्पंजाच्या आकाराचा भरवसा नाही; प्रवाहाच्या जोरानुसार तीच जात कुठे पसरट वाढते, कुठे उभी. ओळख पटवायची ती अंगातल्या सूक्ष्म सुयांवरून, आणि काही स्पंजांत त्या सुयाही एकाच प्रकारच्या. मुंबईत लष्करी डॉक्टर असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी 1849 मध्ये मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातील स्पंजांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये बसून त्यांनी जगभरचे नमुने तपासले. हाताशी सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढेच. त्यांच्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या काळातली नावे आजही निमूटपणे चालवत राहायची, याचे समर्थन मात्र मला सापडत नाही.

कारण हा पूर्वपक्ष अळीपाशीच कोसळतो. बहुतेक स्पंजांची अळी काही खात नाही. अंड्यातून मिळालेल्या पुंजीवर ती काही तास, फार तर काही दिवस पोहते आणि बूड टेकते. एवढ्या वेळात महासागर ओलांडणे शक्य नाही. समुद्र जोडलेला असेल, प्रवासी तेवढा टिकत नाही.

पुरावा 1999 मध्ये आला. ऑस्कर श्मिट यांनी 1862 मध्ये एड्रियाटिक समुद्रातून वर्णिलेली ‘कोंड्रिला न्युक्युला’ ही जात जगभर पसरलेली मानली जाई. ब्राझीलच्या मिशेल क्लाउताउ आणि सहकाऱ्यांनी तिच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या नमुन्यांतील विकरांचे प्रकार ताडून पाहिले, तेव्हा एका नावाखाली किमान पाच जाती निघाल्या. श्मिट यांनीच 1862 मध्ये नाव दिलेली ‘क्लिओना व्हिरिडिस’ हीसुद्धा एक जात नसून सारख्या दिसणाऱ्या जातींचा गट आहे. हा स्पंज चुनखडी आणि प्रवाळ पोखरतो. या गटातल्या, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळांना ग्रासणाऱ्या स्पंजाला संभाजी मोटे, बबन इंगोले आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ‘क्लिओना थोमासी’ म्हणून स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. म्हणजे हा प्रश्न आपल्या अंगणातलाही आहे.

यावर आक्षेप येतो की जनुकवाले जिथे तिथे जाती फोडत सुटतात. हे खरे नाही, आणि त्याचा दाखला त्याच आंब्याच्या पेटीत आहे. आंबा पोखरणारी फळमाशी ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’ आणि तिच्यापासून वेगळ्या काढलेल्या आग्नेय आशियातल्या ‘पापाये’ व आफ्रिकेत आढळलेल्या ‘इन्व्हाडेन्स’ या जाती 2015 मध्ये एकच ठरल्या. बाह्यरूप, जनुके आणि संकराचे प्रयोग यांचा कौल एक आला म्हणून. माशी उडते, शिवाय फळांबरोबर माणूस तिला देशोदेशी नेतो. 2014 मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली तीही अशा किडींमुळेच. जनुके कधी जोडतात, कधी तोडतात. आधी ठरवून बसलेला असतो तो आक्षेप घेणारा.

दुसरा आक्षेप जड आहे. गोड्या पाण्यातले अनेक स्पंज कोरड्या दिवसांत टिकणारे कळीसारखे गोळे तयार करतात, आणि ते पक्ष्यांच्या पायांना चिकटून दूर जाऊ शकतात. समुद्रातले काही स्पंज जहाजांच्या तळाला लागून नव्या बंदरात पोचतात. हे मान्यच. पण मग प्रत्येक जातीचा प्रवास स्वतंत्रपणे सिद्ध करायला हवा, गृहीत धरून चालणार नाही. तेही एकाच जनुकावर विसंबून नव्हे: स्पंजांतील मायटोकाँड्रियाची जनुके फार सावकाश बदलतात, त्यामुळे ती जुळली म्हणून जात एकच असे म्हणता येत नाही.

हा नावांचा खेळ नाही. जात जगभर आहे असे मानले, की ती एखाद्या किनाऱ्यावरून संपली तरी हळहळ वाटत नाही, कारण ‘दुसरीकडे आहेच’. ती फक्त इथलीच असेल, तर नुकसान कायमचे. स्पंजांतून औषधी रसायने शोधणाऱ्यालाही नमुना नेमका कोणत्या जातीचा हे कळले नाही, तर तेच रसायन पुन्हा मिळण्याची खात्री नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले; पण तिथे नेमके काय जपायचे हे कळायला जातींची नावे बरोबर हवीत. कोकणच्या स्पंजांच्या यादीत जिथे जिथे युरोपातल्या समुद्रांची नावे बसली आहेत, तिथे विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी नमुने जपून ठेवून सुया आणि जनुके दोन्ही पुन्हा तपासावीत. तोवर त्या नावांपुढे प्रश्नचिन्ह छापावे.