दिनविशेष : २९ नोव्हेंबर

इंग्रज अंमलदार व पलटणींच्या उपासनेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरच्या सदर भागात उभे राहिलेले आणि १९०३ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाल्यावर बिशपांचे पीठ ठरलेले ऑल सेंट्स चर्च १९७० साली आजच्या दिवशी एका दुर्मीळ ऐक्याचे साक्षी झाले : त्याच्या प्रांगणात सहा ख्रिस्ती पंथांनी आपले पृथक् अस्तित्व विसर्जित करून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. या संगमात स्कॉटिश मिशनचा प्रवाहही मिळाला. त्याचे नागपुरातील आद्य प्रवर्तक, भूगर्भशास्त्राचे व्यासंगी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, हे नागपूर जिल्ह्याच्या हिंगणा तालुक्यातील टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ओढ्याच्या पुरात बुडून निवर्तले.