पाच व्होल्टमधून उणे दहा व्होल्ट: मॅक्स२३२ चिपमधले कपॅसिटर काय करतात?

पालघर जिल्ह्यात रानशेत ज्या डहाणू तालुक्यात आहे, तिथे आणि शेजारच्या तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. त्यानंतर ‘भूकंपमापक’ हा शब्द इथे घरोघरी पोहोचला. अशा मापकांच्या डेटा लॉगरवर आजही अनेकदा आरएस-२३२ हे जुने सीरियल पोर्ट असते.

या पोर्टची एक अट अडचणीची आहे. आतला प्रोसेसर ० आणि ५ व्होल्ट एवढेच ओळखतो. आरएस-२३२ ला मात्र ‘०’ साठी अधिक ५ ते १५ आणि ‘१’ साठी उणे ५ ते १५ व्होल्ट लागतात. पूर्वी त्यासाठी अधिक १२ आणि उणे १२ असे वेगळे पुरवठे द्यावे लागत. १९८७ मध्ये मॅक्सिम कंपनीची मॅक्स२३२ ही १६ पायांची चिप आली आणि एकट्या ५ व्होल्टवर काम भागू लागले. तिच्याभोवती चार छोटे कपॅसिटर दिसतात, तेच या कामाचे हमाल.

पाच फुटांचा माणूस पाच फुटांच्या स्टुलावर उभा राहिला की डोके दहा फुटांवर जाते. पहिला कपॅसिटर तेच करतो. आधी तो ५ व्होल्टपर्यंत भरतो. मग आतले स्विच त्याचे खालचे टोक जमिनीवरून काढून ५ व्होल्टच्या तारेवर ठेवतात. वरचे टोक १० वर जाते आणि ती विद्युत दुसऱ्या साठवण कपॅसिटरमध्ये ओतली जाते. तिसरा कपॅसिटर हे १० व्होल्ट घेतो, पण स्विच आता त्याचे वरचे, म्हणजे अधिक टोक जमिनीला जोडतात. मग खालचे टोक कुठे जाणार? जमिनीच्या दहा व्होल्ट खाली. ते उणे १० चौथ्या कपॅसिटरमध्ये साठते. हे सगळे सेकंदाला हजारो वेळा चालते. अर्थात भार पडला की प्रत्यक्षात आकडा दहापेक्षा कमीच मिळतो.

मूळ चिपला १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लागतात. मॅक्स२३२ए ला ०.१ पुरतात, कारण तिचे स्विच जास्त वेगाने फिरतात: खेपा वाढल्या की भांडे लहान चालते. मॅक्स२३३ मध्ये तर कपॅसिटर चिपच्या पोटातच असतात.

खरी फसगत चौथ्या कपॅसिटरची. इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याचे अधिक टोक जमिनीला आणि उणे टोक ६ क्रमांकाच्या पायाला जोडायचे. सवयीने ते उलट बसते. पण मजा अशी, की कपॅसिटर निकामी होऊन उणे व्होल्ट गेले तरी टेबलावर सारे चालल्यासारखे दिसू शकते, कारण बहुतेक रिसीव्हर शून्य व्होल्टलाही ‘१’ च समजतात. लांब केबल टाकली, जमिनीच्या पातळीत फरक पडला किंवा गोंगाट आला, की अक्षरे बिघडू लागतात. मग दोष लॉगरला किंवा केबलला दिला जातो. त्याआधी मल्टिमीटर लावून २ आणि ६ क्रमांकाचे पाय तपासावेत. एकावर अधिक आठ-नऊ, दुसऱ्यावर उणे आठ-नऊच्या आसपास दिसायला हवे. सहावर शून्याजवळ काही दिसले तर आधी कपॅसिटर बदलून पाहावेत.