पानाच्या तळाची ओळ

परवा कुंभवलीच्या घरी माळा झाडताना जुन्या मासिकांचा एक गठ्ठा हाती आला. कसर लागलेली, कडा पिवळ्या पडलेली ती पाने. मजकूर वाचता वाचता नजर सहज शेवटच्या पानाच्या तळाशी गेली. तेथे अगदी बारीक टाइपात एक ओळ होती : अमुक छापखान्यात अमुक यांनी छापिले व अमुक यांनी प्रसिद्ध केले. ही ओळ आपण जन्मभर पाहत आलो, परंतु वाचली कधीच नाही. लेखकाचे नाव आपण वाचतो, संपादकाचे लक्षात ठेवतो; मुद्रकाच्या आणि प्रकाशकाच्या नावावरून मात्र आपली दृष्टी घसरून जाते. आपल्या देशातील मुद्रणस्वातंत्र्याचा इतिहास लिहावयाचा तर त्याचा आरंभ या उपेक्षित ओळीपासूनच करावा लागेल, असे त्या गठ्ठ्यापाशी बसलो असता मनात आले.

ही ओळ कोणी हौसेने घातलेली नाही. ती कायद्याने घालविली आहे. १८६७ साली हिंदुस्थान सरकारने छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला. छापखाना ठेवणाराने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन तसे प्रतिज्ञापत्र करावे, आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण स्पष्ट घालावे, न घातल्यास दंड किंवा कैद भोगावी, असा त्याचा आशय. वरवर पाहता यात वावगे काहीच नाही. छापलेल्या शब्दाची जबाबदारी कोणीतरी घ्यावयासच हवी. परंतु ज्या राज्यात प्रजेला राज्यकर्ते बदलण्याचा अधिकार नाही, तेथे अशा ओळीला दुसराही एक अर्थ येतो. वॉरंट घेऊन कोणाच्या दारी जावयाचे, तो पत्ताच जणू छापणाराने आपल्या हाताने लिहून द्यावयाचा असतो!

कुंभवली, बोईसर, तारापूर हा मुलूख आज कारखान्यांच्या आणि अणुवीज केंद्राच्या नावाने ओळखला जातो. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत तो ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्या ठाण्यात वरील कायद्याच्या आदल्याच वर्षी, १८६६ मध्ये, 'अरुणोदय' हे मराठी पत्र निघाले होते. पुढे १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यांची जी लाट उठली तीत हे पत्रही सापडले. तेव्हा ही कथा केवळ पुण्यामुंबईची नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या गावीही ती ओळ लिहिणारे आणि तिची किंमत मोजणारे होते.

या कथेतील पहिला मोठा प्रसंग आपल्या पक्षाला फारसा भूषणावह नाही, म्हणूनच तो आधी सांगितला पाहिजे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याच्या भावनेने 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी तेथील दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली आणि काही पत्रे प्रसिद्ध केली. ती पत्रे बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. माफीचे दिवस वजा जाऊन ते १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. येथे सरकारचा जुलूम नव्हता. संपादकांची चूक होती, आणि तिचे प्रायश्चित्त त्यांनी भोगले. ज्याची अब्रू गेली त्याला न्याय मागता यावा, हे स्वतंत्र देशातही अवश्यच आहे. मुद्रणस्वातंत्र्य म्हणजे चुकण्याचा परवाना नव्हे, हा धडा आपल्या पत्रकारितेला तिच्या बालपणीच मिळाला.

परंतु १८९७ सालचा खटला निराळ्या जातीचा होता. प्लेगच्या दिवसांत पुण्यास रँड यांचा खून झाला, आणि त्यापूर्वी 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे काम चालले. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोषी. शिक्षा दीड वर्षाच्या सक्तमजुरीची झाली. हे सर्व शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या आरोपीच्या पिंजऱ्यात टिळकांच्या शेजारी आणखी एक गृहस्थ उभे होते, त्यांचे नाव किती जणांस सांगता येईल? ते केशव महादेव बाळ, 'केसरी'चे मुद्रक. त्यांनी लेख लिहिला नव्हता. त्यांचा गुन्हा असलाच तर तो इतकाच की पानाच्या तळाच्या ओळीत त्यांचे नाव होते. ज्यूरीने त्यांस निर्दोषी ठरविले आणि ते सुटले. परंतु सुटेपर्यंतचे ते दिवस त्यांनी कसे काढिले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. लेखकाला निदान आपल्या विचारासाठी आपण उभे आहोत हे समाधान असते. मुद्रकाला दुसऱ्याच्या विचारासाठी उभे राहावे लागते.

हा अनुभव एकट्या हिंदुस्थानचा नाही. ज्या इंग्लंडच्या मुद्रणस्वातंत्र्याचे दाखले आपले पुढारी देत, तेथेही ते स्वातंत्र्य प्रकाशकांच्या आणि विक्रेत्यांच्या पाठीवरच उभारले गेले. टॉमस पेन याची पुस्तके छापल्याबद्दल रिचर्ड कार्लाइल या प्रकाशकास १८१९ साली शिक्षा झाली, आणि सुमारे सहा वर्षे तो डॉर्चेस्टरच्या तुरुंगात राहिला. त्याचे दुकान मात्र बंद पडले नाही. एक विक्रेता पकडला गेला की दुसरा गल्ल्यावर येऊन बसे. शेवटी विकणाराचे तोंडच दिसू नये म्हणून भिंतीवर पुस्तकांच्या नावांची तबकडी बसविली. गिऱ्हाइकाने काटा फिरवावा, पैसे टाकावे, आणि आतून पुस्तक यावे! त्याच १८१९ साली तेथील सरकारने वृत्तपत्रे काढणारांकडून जामीन घेण्याचा कायदा केला. माणसाला तुरुंगात घातले तर तो हुतात्मा होतो, परंतु त्याच्या पैशाला हात घातला तर तो मुकाट्याने घरी बसतो, हे शहाणपण राज्यकर्त्यांना तेव्हाच आले होते.

आपल्याकडे हे शहाणपण पूर्णत्वास पोचले ते १९१० साली. त्याआधीची दोन वर्षे फार धामधुमीची होती. १९०८ च्या जुलै महिन्यात 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांना १९ महिन्यांची आणि टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढील वर्षी नाशिकच्या गणेश दामोदर, ऊर्फ बाबाराव, सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली. त्यांचा मुख्य अपराध कोणता? 'लघु अभिनव भारतमाला' या नावाने कवितांचे एक लहानसे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले होते. त्या रचना कवी गोविंद यांच्या होत. शिक्षा झाली ती प्रकाशकाला. त्या कवितांचा आवेश जहाल होता यात शंका नाही, आणि परकी सत्तेला तो सोसवला नाही तर त्यातही नवल नाही. परंतु काही पानांच्या पुस्तकासाठी सारे आयुष्य हिरावून घेणे हा न्याय कोणत्या तराजूत तोलावा? त्या निकालाने माणसे शांत झाली नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला. ज्यांची वाणी बंद केली जाते त्यांपैकी काही जण शस्त्राकडे वळतात, हे त्या काळाने रक्ताने लिहून ठेविले आहे.

१९१० च्या फेब्रुवारीत आलेल्या कायद्याने सरकारने आपली रीत बदलली. खटला चालविण्याची, ज्यूरी बसविण्याची, आरोपीला भाषण करू देण्याची यातायात कशाला? नवा छापखाना काढणाराने ५०० ते २,००० रुपये जामिनकी ठेवावी; आक्षेपार्ह काही छापले असे सरकारला वाटले की ती जप्त व्हावी; मग १,००० ते १०,००० रुपयांची नवी जामिनकी द्यावी; आणि पुन्हा प्रमाद घडल्यास जामिनकीबरोबर छापखानाही जप्त व्हावा. जामिनकीच्या मागणीनेच 'काळ' १९१० साली बंद पडला. ज्या पत्राला संपादकाचा तुरुंगवास मारू शकला नाही, त्याला एका हिशेबाने मारिले. यात नाट्य नव्हते, म्हणून त्याचे पोवाडेही झाले नाहीत. शिवाय या कायद्याचा खरा परिणाम बंद पडलेल्या पत्रांवरून मोजताच येत नाही. कर्ज काढून यंत्र घेतलेला, खिळे जुळविणाऱ्या चार माणसांची पोटे ज्याच्यावर अवलंबून आहेत असा छापखानेवाला हस्तलिखित हाती घेऊन विचार करू लागला, आणि "हे आमच्याकडे नको" म्हणून त्याने ते परत केले, तर त्या परत गेलेल्या कागदाची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार?

या भीतीवर उतारा काढिला तो १९१९ साली, आणि तो मुंबईच्या रस्त्यावर. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात ६ एप्रिल रोजी गांधीजी आणि त्यांचे सहकारी बंदी असलेली पुस्तके उघडपणे विकावयास निघाले. त्यांत 'हिंद स्वराज्य' व 'सर्वोदय' ही होती. विकत घेणारासही तुरुंगाचा धोका आहे, हे आधी सांगण्यात येई. तरी चार आण्यांच्या प्रतीला लोकांनी पाच पाच, दहा दहा रुपये दिले. एकाने तर पन्नास रुपयांची नोट दिली. दुसऱ्या दिवशी 'सत्याग्रही' नावाचे एक छोटे पत्र नोंदणीचे प्रतिज्ञापत्र न करता मुद्दाम काढण्यात आले. परंतु संपादकाचे नाव त्यावर उघड होते. कायदा मोडावयाचा, पण नाव लपवावयाचे नाही, ही या लढ्यातील नवी गोष्ट होती. १८६७ च्या कायद्याने नाव घालावयास लाविले ते धाकासाठी; सत्याग्रहीने ते घातले स्वेच्छेने, आणि धाकाची नांगी तेथेच मोडली. तीन वर्षांनी, १९२२ च्या मार्चमध्ये, 'यंग इंडिया'तील लेखांबद्दल अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी त्या पत्राचे मुद्रक व प्रकाशक शंकरलाल बँकर उभे होते. त्यांनीही आरोप कबूल केला आणि एक वर्षाची कैद पत्करली. केशव महादेव बाळ यांच्यापासून शंकरलाल बँकर यांच्यापर्यंत पंचवीस वर्षांत केवढे अंतर कापले गेले! पहिला मुद्रक पिंजऱ्यात ओढला गेला. दुसरा आपल्या पायांनी चालत गेला.

१९१० चा कायदा १९२२ साली रद्द झाला, परंतु १९३१ साली जामिनकी पुन्हा आली. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये, पुढाऱ्यांच्या धरपकडीबरोबर, वृत्तपत्रांवर कडक निर्बंध पडले. तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. पानाच्या तळाची ती ओळच नाहीशी झाली. सायक्लोस्टाइलवर काढलेली भूमिगत पत्रके हातोहात फिरू लागली. त्यांवर ना मुद्रक, ना प्रकाशक. ज्यांची नावे नव्हती अशा असंख्य हातांनी ती काढिली, वाटली आणि वाचून जाळली. याच महिन्याच्या १४ तारखेस आमच्या शेजारच्या पालघर येथे कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले. पालघरच्या चौकातील स्मारकापाशी दरवर्षी त्यांचे स्मरण होते. छापील शब्द बंद झाला तरी बातमी पायवाटांनी, होड्यांनी, बाजारहाटातून गावोगाव पोचली, आणि लोक निघाले. छापखान्याला कुलूप घालता येते. चावडीला घालता येत नाही.

स्वराज्य आले म्हणजे हा प्रश्न संपला, असे मानण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. राज्यघटना अमलात येऊन काही महिनेही झाले नव्हते तोच मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या विचारांच्या साप्ताहिकास मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी केली. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरविली. आणि पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन निर्बंधांची कक्षा वाढली. १९७५ च्या आणीबाणीत पूर्वतपासणी आली. तेव्हा मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकातील ११ मजकूर सेन्सॉरने अडविले. मसानी न्यायालयात गेले, आणि १९७६ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मादन व कानिया यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली टिळक दोनदा तुरुंगात गेले, त्याचा अंमल सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. परंतु देशाच्या सार्वभौमत्वास धोका आणणाऱ्या कृत्यांचे कलम आहे, आणि त्याचा अर्थ काय लावला जातो यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. १८६७ चा नोंदणीचा कायदाही सुमारे १५७ वर्षे चालून १ मार्च २०२४ रोजी नव्या कायद्याला जागा देता झाला.

कायदे येतात आणि जातात. या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा दिसते. मुद्रणस्वातंत्र्य लेखणीने मागितले जाते, पण ते टिकते दुसऱ्या दोघांवर : जो आपले यंत्र, आपली ठेव आणि आपले नाव पणास लावितो त्याच्यावर, आणि जो ते छापलेले पान धोका जाणूनही विकत घेतो त्या वाचकावर. १९१९ साली पन्नास रुपयांची नोट पुढे करणारा तो अनामिक माणूस मला या इतिहासातील थोर पुरुषांपैकी एक वाटतो. लेखक कितीही निर्भय असला तरी त्याला छापणारा न मिळाला तर त्याचे शब्द पेटीत राहतील. छापणारा मिळाला आणि घेणारा न मिळाला तर ते गोदामात राहतील.

गठ्ठा झाडून पुसून पुन्हा बांधिला. रद्दीच्या भावाने त्याची किंमत फारशी नाही. बांधण्यापूर्वी मात्र प्रत्येक अंकाचे शेवटचे पान उघडले, आणि इतकी वर्षे न वाचलेली ती बारीक ओळ एकदा मोठ्याने वाचली.