दूरच्या प्रयोगशाळेची वाट : भारतीय तंत्रशिक्षणातील प्रवेश-साधनांचा इतिहास (१९७५–२०२१)

विद्यापीठांच्या कामकाजात 'प्रवेश' या शब्दाचा अर्थ नोंदणीपुस्तकात नाव चढणे एवढाच बहुधा धरला जातो. तंत्रशिक्षणाच्या बाबतीत त्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही पुस्तकात होत नाही. विद्यार्थ्याचा हात उपकरणापर्यंत पोहोचला की नाही, हा तो अर्थ होय. तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात एका दोलनदर्शकाभोवती वीस विद्यार्थी उभे राहतात, दोघे बटणे फिरवितात, उरलेले निरीक्षणे उतरवून घेतात, आणि वर्षअखेर सर्वांची जर्नले सारखीच प्रमाणित होतात. ही स्थिती अध्यापकवर्गाला अपरिचित नाही. हा हात दुरून उपकरणापर्यंत नेता येईल काय, या प्रश्नाचा माग घेत भारतात १९७५ पासून जे प्रयत्न झाले, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे. या प्रयत्नांचे वर्णन बहुधा उद्घाटनांच्या तारखांनी केले जाते. परंतु ज्या साधनाने पाठ पोहोचावयाचा ते साधन वर्गातील बाकापर्यंत आले की दारातच अडले, हे पाहिल्याशिवाय त्या तारखांना फारसा अर्थ उरत नाही.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात झालेला उपग्रहीय दूरचित्रवाणीचा प्रयोग, म्हणजेच 'साइट', हा या इतिहासाचा आरंभबिंदू मानावयास हरकत नाही. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी उसना घेण्यात आला होता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक ग्राहकसंच बसविण्यात आले. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. जाळीच्या तारेपासून बनविलेला सुमारे तीन मीटर व्यासाचा आकाशक शाळेच्या आवारात उभा करावयाचा आणि त्याखाली सकाळी मुलांनी व सायंकाळी गावकऱ्यांनी बसावयाचे, अशी ती योजना होती. सुट्टीच्या काळात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे पाठही याच मार्गाने देण्यात आले. या प्रयोगात तंत्रज्ञांनी एक गोष्ट फार चोख केली. संच बिघडला तर तो दुरुस्त कोणी करावयाचा, याची व्यवस्था संच पाठविण्यापूर्वीच लावली गेली. जेथे वीज नव्हती अशा काही ठिकाणी विद्युत्‌घटांवर संच चालविण्यात आले. ही साधी वाटणारी दक्षता पुढील चाळीस वर्षांत वारंवार विसरली गेली, म्हणूनच तिचा उल्लेख अगत्याचा ठरतो. साइटची मर्यादा मात्र तिच्या रचनेतच होती. पाहणाऱ्याला प्रश्न विचारता येत नसे, आणि वर्ष संपताच उपग्रह आपल्या धन्याकडे परत गेला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून 'देशव्यापी वर्ग' सुरू केला. पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम केंद्र त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांपैकी एक होते. प्रक्षेपण चांगले असले तरी महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी त्याची सांगड नव्हती, आणि त्या काळी अनेक महाविद्यालयांचा दूरचित्रवाणी संच प्राचार्यांच्या दालनाशेजारी कुलुपबंद असे, हे त्या पिढीतील अध्यापक आजही हसून सांगतात. याच दशकात दुसरी, अधिक महत्त्वाची धारा शांतपणे वाहू लागली. १९८६ मध्ये 'अर्नेट' या शैक्षणिक संगणकजालाचा आरंभ झाला, आणि मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे दूरध्वनीच्या तारेवरून संगणकीय पत्रे जाऊ लागली. प्रक्षेपणाची धारा एकमार्गी होती; या दुसऱ्या धारेत उत्तर परत येत असे. दूरस्थ प्रयोगशाळेची कल्पना या दुसऱ्या धारेतूनच जन्मास यावयाची होती.

ती कल्पना प्रथम परदेशांत रुजली. १९९४ मध्ये अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनी इंटरनेटवरून कोणालाही हलविता येतील असे यंत्रमानव उघड्यावर ठेवले. १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत हेसुस देल आलामो यांनी अर्धवाहक घटकांचे गुणधर्म मोजणारे एक महाग उपकरण विद्यार्थ्यांना वसतिगृहातून वापरता येईल अशी सोय केली. पुढे 'आयलॅब' या नावाने तिचा विस्तार होऊन नायजेरियातील इले-इफे, युगांडातील कंपाला व टांझानियातील दार-एस-सलाम येथील विद्यापीठांपर्यंत ती पोहोचली. आफ्रिकेतील या विद्यापीठांचा अनुभव भारतीय अभ्यासकाला विशेष उपयोगी आहे, कारण तेथे अडचण उपकरणाची नसून तारेच्या वहनक्षमतेची होती. मॅसॅच्युसेट्समधील वसतिगृहात सहज उघडणारे पडदे तेथे उघडेनात. तेव्हा कमी वहनक्षमतेत चालतील असे, आणि शक्य तेथे स्वतःच्याच आवारात ठेवलेले प्रयोग रचावे लागले.

भारतात १९९९ ते २००४ या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक म्हणजे तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने आकारास आलेला 'एनपीटीईएल' हा पाठसंग्रह. त्याची कल्पना १९९९ मधील, कार्यारंभ २००३ चा. दुसरी म्हणजे २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला, १,९५० किलोग्रॅम वजनाचा, केवळ शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' उपग्रह. उपग्रहाने मोठी अपेक्षा निर्माण केली. काही केंद्रांना दुहेरी संवादाची, काहींना केवळ ग्रहणाची अशी उपकरणे देण्याची योजना होती. परंतु जमिनीवरचे जाळे आकाशातील यंत्राइतक्या वेगाने उभे राहिले नाही. नियोजन, जोडणी व पाठनिर्मिती या तिन्ही बाबतींतील उणिवांवर महालेखापरीक्षकांनी पुढे बोट ठेवले, आणि सप्टेंबर २०१० अखेर उपग्रहाची सेवा थांबली. त्या मानाने एनपीटीईएलची वाट अधिक नम्र होती. ज्या महाविद्यालयात इंटरनेट क्षीण होते तेथे व्याख्याने हार्ड डिस्कवर भरून नेता येत आणि स्थानिक संगणकजालावर ठेवता येत. या तबकडीचे श्रेय इतिहासात क्वचितच दिले जाते. वस्तुतः कित्येक महाविद्यालयांत पवई वा मद्रासचा प्राध्यापक पहिल्यांदा वर्गात आला तो तिच्यातूनच.

३ फेब्रुवारी २००९ रोजी केंद्र शासनाने माहिती व संदेशवहन तंत्राद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान तिरुपती येथे सुरू केले. विद्यापीठांना एक गिगाबिटची जोडणी आणि महाविद्यालयांना ५१२ किलोबिट गतीच्या अनेक जोडण्या द्यावयाच्या, खर्चाचा तीनचतुर्थांश भाग केंद्राने व एकचतुर्थांश संस्थेने उचलावयाचा, असे तिचे स्वरूप होते. या आकड्यांकडे जरा थांबून पाहणे आवश्यक आहे. ५१२ किलोबिटच्या एका जोडणीवर एक चित्रफीत कशीबशी चालते. साठ विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत अशा दहा जोडण्या असल्या तरी एकेका जोडणीवर सहा जण येतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला शंभर किलोबिटही येत नाहीत. आणि हा हिशेब जोडणी इमारतीच्या दारापासून प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत पोहोचली आहे असे धरून केलेला आहे. ती तार आत ओढणे, स्विच बसविणे, वीज गेल्यावर ते पुन्हा चालू करणे ही कामे संस्थेकडे होती, आणि या कामासाठी पद मंजूर नव्हते अशा ठिकाणी ती ग्रंथपालाच्या किंवा भौतिकीच्या प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या अंगावर पडत. पूर्वीच्या साइटमध्ये जी व्यवस्था आधी लावली होती, ती येथे मागाहून सुचली.

याच अभियानातून आभासी प्रयोगशाळांचा प्रकल्प उभा राहिला. दिल्लीच्या तंत्रज्ञान संस्थेकडे समन्वय होता. सहभागी बारा संस्थांमध्ये महाराष्ट्रातून पवईची संस्था आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन होत्या. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. शंभराच्या आसपास प्रयोगशाळा व शेकडो प्रयोग त्यात रचले गेले. त्यांचे तीन प्रकार मानण्यात आले : गणिती प्रतिमानावर चालणारा, प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांवर आधारलेला, आणि दुरून खरे उपकरण चालविणारा. पहिला प्रकार सर्वांत स्वस्त असल्याने तोच सर्वांत बोकाळला. त्याचे मोल कमी लेखू नये. उद्दिष्ट, सिद्धांत, कृती व स्वपरीक्षण अशी त्याची मांडणी अध्यापनाला उपयोगीच होती. परंतु प्रतिमान कधी बिघडत नाही, त्यात सैल जोडणी नसते, त्यामुळे चूक शोधण्याचे शिक्षण त्यात मिळत नाही. ज्या गोष्टीसाठी प्रयोगशाळा असते ती नेमकी तेथून वगळली गेली, हा आक्षेप त्यामुळेच गैर ठरत नाही.

तिसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण पवईच्या संस्थेत कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली घडले. त्याचे तपशील बोधक आहेत. एका छोट्या पट्टीवर तापक, पंखा, तापमान-संवेदक व एक सूक्ष्मनियंत्रक बसविलेला. एकाच विद्युत्‌पट्टावर सामावणारे असे हे उपकरण. अशी अनेक उपकरणे रात्रंदिवस चालू ठेवून विद्यार्थ्याने आपली वेळ आधी नोंदवावयाची आणि त्या वेळेत घरून तापमानावर नियंत्रण ठेवण्याचा प्रयोग करावयाचा. नियंत्रकाचे गणित विद्यार्थ्याच्या संगणकावर, 'सायलॅब' या विनामूल्य प्रणालीत चाले. जालावरून जात-येत ते फक्त तापकाचा, पंख्याचा व तापमानाचा आकडा. चित्रफीत नाही, रंगीत पडदा नाही. साहजिकच क्षीण तारेवरही प्रयोग चाले. तार अडखळली तर नियंत्रणही अडखळे, आणि हा विलंब नियंत्रणशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्वतःच एक पाठ देई. वातावरणाचे तापमान बदलले की वक्रही बदलत असे. पुस्तकातील आकृतीशी तो तंतोतंत जुळत नसे, हीच त्याच्या खरेपणाची खूण होती. थोडक्या खर्चात, थोडक्या वहनक्षमतेत खरे उपकरण दूरच्या विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे असे प्रयत्न संख्येने फार झाले नाहीत, याची कारणे तांत्रिक नव्हती. उपकरण सतत चालू ठेवण्यास माणूस लागतो, आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावर माणूस टिकवून ठेवणे प्रतिमान टिकवून ठेवण्यापेक्षा कठीण असते.

त्याच संस्थेतील 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाने वाटेतील दुसरा एक अडसर हाताळला. सुमारे दहा मिनिटांचा पाठ, सावकाश उच्चार, आणि शेजारी प्रत्यक्ष प्रणाली उघडून सोबत करीत जावयाचे, अशी त्याची पद्धत. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीतच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करण्यात आले, ही निवड विचारपूर्वक होती. नोकरीच्या जागी प्रणाली इंग्रजीतच भेटणार. समजूत मात्र मातृभाषेत व्हावी. ज्या महाविद्यालयांत इंटरनेट नव्हते तेथे पाठ तबकडीवरून दिले गेले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी गाजावाजाने आलेल्या 'आकाश' या स्वस्त पाटीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. पहिल्या आवृत्तीचा संस्कारक मंद होता आणि तिचा स्पर्शपट दाबून चालवावा लागे. साधनाच्या किमतीची चर्चा फार झाली, त्यावर काय चालावयाचे याची कमी.

पुढील अडचण अनपेक्षित दिशेने आली. आभासी प्रयोगशाळांतील पुष्कळ प्रयोग 'फ्लॅश' व 'जावा' यांवर रचलेले होते. २०१५ ते २०१७ च्या दरम्यान प्रमुख ब्राउझरांनी जावाचा आधार काढून घेतला, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपुष्टात आला. जोडणी सुधारली तेव्हा प्रयोगच उघडेनात, असा हा योग. शिवाय २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, आणि विद्यार्थी ज्या लहान पडद्यावर आला त्यासाठी हे जुने प्रयोग रचलेलेच नव्हते. ते नव्या पद्धतीने पुन्हा लिहिण्याचे काम सहभागी संस्थांना हाती घ्यावे लागले. ग्रंथालयातील पुस्तक पन्नास वर्षांनी उघडते. संगणकीय प्रयोग दहा वर्षांत वाचण्याजोगा राहात नाही. तंत्रशिक्षणाच्या इतिहासकाराला तर ही दुहेरी हानी आहे, कारण त्याचे मूळ साधनच नाहीसे होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा या सर्व साधनांवर एकदम भार पडला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, नागरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांकडे. संगणकाचे प्रमाण ग्रामीण भागात ४.४ टक्के, नागरी भागात २३.४ टक्के. यावरून असे दिसते की, ज्यांच्याकडे इंटरनेट होते त्यांतील बहुसंख्यांकडे ते संगणकावर नव्हते. आभासी प्रयोगशाळेच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' या पाठसंस्थेबरोबरच उपग्रहावरून 'स्वयम् प्रभा' या ३२ वाहिन्या सुरू झाल्या होत्या. ज्यांना इंटरनेट परवडत नव्हते त्यांच्यासाठी टाळेबंदीत त्या पुढे आणल्या गेल्या. पंचेचाळीस वर्षांनंतर पुन्हा एकमार्गी प्रक्षेपण, पुन्हा पडद्यासमोर मूकपणे बसणे. अर्थात १९७५ मध्ये संच गावाचा होता व दुरुस्तीला माणूस नेमलेला होता. २०२० मध्ये संच घरचा होता आणि घरात एकच.

दरम्यान नियमांनी या साधनांना पदवीशी बांधून टाकले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार एका सत्रातील वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक ऑनलाइन पाठ्यक्रमांतून मिळविता येऊ लागले. २०२१ मध्ये ही मर्यादा चाळीस टक्के झाली. त्यामुळे पूर्वी जे ऐच्छिक पूरक वाचन होते त्याचा संबंध आता थेट गुणपत्रिकेशी आला. एनपीटीईएलच्या पाठांना शुल्क नाही. प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क आहे, आणि ती नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. बारा आठवडे आपल्या गावी बसून पाठ पूर्ण केलेला विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी पहाटेची गाडी पकडून शहर गाठतो.