सागापासून शिक्क्यापर्यंत

सेवाग्रामला येणारे लोक बापूंचा चरखा बघतात. मी वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या घरचा. माझी नजर आधी छताकडं जाते, बांबू आणि कवेलूंकडं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात आले. घर बांधायला त्यांची अट होती: खर्च ५०० रुपयांच्या आत, सामान आणि मजूर गावाकडचेच. म्हणजे लाकूड कोणतं, हे अंतरच ठरवणार.

माझ्या आजोबांचा हिशेब याच चालीचा, जरा सैल. चौकटीला साग, वखराला आणि बंडीच्या चाकाला बाभूळ. झाड कोणतं, कधी तोडलं, किती वाळलं, एवढंच ते विचारत. ओला साग बसवला की पहिल्याच उन्हाळ्यात दाराला भेग पडायची.

प्लाय त्या काळीही होतं, पण आसामात, चहाच्या पेट्यांसाठी. घराघरांत ते मागाहून शिरलं. मग १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घातला. ईशान्येकडच्या प्लायच्या कारखान्यांचं लाकूड तुटलं आणि हरियाणातल्या यमुनानगरचा धंदा फोफावला, शेतात लावलेल्या पॉपलर-निलगिरीवर. आज वर्ध्यातल्या कपाटात जंगलापेक्षा कुणा शेतकऱ्याचा बांध असण्याचाच संभव जास्त.

पॉपलर हलकं आणि मऊ. सागासारखं आपल्या अंगच्या तेलावर टिकणारं नव्हे. त्यामुळं आता झाडापेक्षा गोंद बघावा लागतो. आयएस ३०३ या भारतीय मानकातल्या एमआर ग्रेडच्या, म्हणजे कमर्शियल प्लायला बहुधा युरियाचा गोंद असतो. तो दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. बीडब्ल्यूआर हा त्याच्या वरचा ग्रेड. आयएस ७१० म्हणजे मरीन. त्याला फिनॉलचा गोंद, आणि चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात.

गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, सगळं मरीनच लावा." मी विचारतो, निजायच्या खोलीतल्या कपाटाला पाणी कोण घालणार आहे? तिथं एमआर पुरे. स्वयंपाकघराच्या कपाटांना बीडब्ल्यूआर. सिंकखाली, न्हाणीघराच्या भिंतीला आणि पावसाची झड येते त्या खिडकीपाशी मात्र मरीन. वाचलेले पैसे चांगल्या बिजागऱ्यांवर घाला.

दुकानदार कडेची काळपट रेघ दाखवून फिनॉलची खात्री देतो. रंग मिसळूनही रेघ काळी करता येते, म्हणून मी शिक्का वाचतो: आयएस क्रमांक, ग्रेड आणि सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक. त्यानंतर आजोबांसारखी टिचकी मारतो. आतल्या थरात फट असली तर आवाज पोकळ येतो, आणि ते कुठल्याच शिक्क्यावर लिहिलेलं नसतं.