नार्नूरच्या आत्याचं तेल

पौष पौर्णिमेला तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, नार्नूरच्या खामदेव जत्रेत गोंडांच्या तोडसाम कुळातली एक आत्या दोन किलोंहून जास्त तिळाचं तेल पिते. बातम्या येतात त्या किलोंच्या. मला त्या किलोंपेक्षा तेल कुणाचं आणि पिणारी कुणाची, हे महत्त्वाचं वाटतं. तेल असतं कुळातल्या माणसांनी घरी काढून आणलेलं. पिणारी असते कुळाची लेक, म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली, आडनावानं मेसराम वगैरे झालेली. माहेरच्या शेतात पीक यावं, कुळात शांतता नांदावी, म्हणून ती तीन वर्षं हे व्रत घेते.

याची एक सोपी कुळकथा लगेच सुचते. महिना पौष, वस्तू तीळ, तेव्हा ही संक्रांतच. मला ती पटत नाही. आपला तिळगूळ घरोघर फिरतो, सगळे सगळ्यांना देतात. आणि संक्रांतीचं वाण लुटते ती घरची सून. नार्नूरला तेल सगळ्या घरांचं, पण जातं एकीकडेच, आणि ती सून नसून लेक आहे. काहींना यात जुनं दिव्य दिसतं. पण दिव्यात बाईवर संशय असतो, तिला स्वतःला खरं ठरवायचं असतं. इथे आत्यावर कसलाच आळ नाही, उलट तिचा सत्कार होतो.

माझा धागा गोंडांच्या सोयरिकीतून जातो. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या ग्रंथात गोंडांचा एक शब्दप्रयोग नोंदवला आहे. आते-मामेभावंडांच्या लग्नाला ते ‘दूध लौटाना’ म्हणत, म्हणजे घरातून गेलेलं दूध परत आणणं. दिलेली लेक माहेराच्या हिशेबातून वजा होत नाही, असं सांगणारी ही रीत आहे. शेजारच्या केसलापूरला बघा. पौष अमावस्येच्या नागोबा जत्रेत मेसराम कुळाच्या लेकी आणि जावई कोनेरूचं, म्हणजे तिथल्या तळ्याचं, पाणी आणून वारुळाची माती कालवतात. सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. कुळासाठी राबायचा मान मात्र लेकींचा. नार्नूरची आत्या याच रांगेतली.

मग ही प्रथा अनादी म्हणावी, तर जत्रेचे आयोजक तिची सुरुवात सांगतात 1961. तेव्हापासून विसेक आत्या झाल्या, असा त्यांचा हिशेब. या सालापाशी मी बराच अडलो. लेकीचा मान इतका जुना, आणि तेल इतकं अलीकडचं?

उत्तर मला नकाशात सापडलं. 1956 पर्यंत राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते मुंबई राज्यात आले, नार्नूर आंध्र प्रदेशात गेलं, आणि 1960 मध्ये पलीकडचं राज्य महाराष्ट्र झालं. एका कुळाचं माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला जिवती तालुका त्या राजुऱ्यातूनच निघाला, आणि अलीकडच्या वर्षांत तेल प्यायला आलेली आत्या याच जिवतीकडची. सीमा आखल्यावर पाचच वर्षांत, पलीकडे दिलेल्या लेकीला दर पौषात बोलावून आणणारी प्रथा उभी राहते, याला मी योगायोग मानत नाही. एकदा नव्हे, सलग तीन वर्षं तिनं यायचं, ही अटही मला तेच सांगते.

यावर एक आक्षेप खरा आहे: सीमा मेसरामांच्याही घरांतून गेली, मग त्यांनी नवं काही का सुरू केलं नाही? माझं उत्तर असं की केसलापूरला लेकींना पाण्याचं काम आधीपासून होतं. तोडसामांनी आपल्या लेकींना 1961 मध्ये तेलाचं नेमून दिलं. त्या विसेक आत्यांची सासरची गावं एकदा ओळीनं मांडली, आणि त्यांतली बरीचशी राजुरा-किनवटच्या बाजूची निघाली, तर माझा तर्क टिकेल. सगळी नार्नूरच्याच बाजूची निघाली, तर तो सोडावा लागेल.