तंबूतला स्टोव्ह

डिसेंबरात मुलांना हरिश्चंद्रगडावर मुक्कामी न्यायचं ठरलं, तेव्हा एकाने विचारलं, "सर, रात्री गॅसचा छोटा स्टोव्ह तंबूतच चालू ठेवला तर? ऊब राहील." मी नाही म्हणालो, आणि त्यांना रिचर्ड बर्डची गोष्ट सांगितली.

बर्ड हा अमेरिकेचा नौदल अधिकारी. १९३४ मध्ये हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी तो अंटार्क्टिकात बर्फात पुरलेल्या एका खोलीत एकटा राहिला. मुख्य तळ सुमारे दोनशे किलोमीटर दूर. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला मे ते ऑगस्ट, चोवीस तास अंधार. खोलीत तेलाचा स्टोव्ह होता, पण धुराच्या नळीचे सांधे गळके आणि हवेच्या वाटा बर्फाने बुजलेल्या. ३१ मे रोजी तो कोसळला. नंतर त्याला कळलं, की स्टोव्ह पेटवला तर विष आणि विझवला तर गारठा! दिवसाचे कित्येक तास त्याने स्टोव्ह बंद ठेवून काढले. साथीदारांनी अंधारात जीव धोक्यात घालू नये म्हणून आजार लपवला. पण रेडिओवरचे त्याचे संदेश विस्कळीत होऊ लागले, तेव्हा त्यांना शंका आली. ऑगस्टमध्ये तिघं जण त्याच्यापर्यंत पोहोचले.

त्याला घेरणारा वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. चढून दमलेल्या माणसाला तो थकवाच वाटतो, हीच खरी भीती. १८९२ मध्ये स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टने काढलेला प्रायमस आपल्या अम्मींच्या स्वयंपाकघरातही आला. वात नाही, काजळी नाही, निळी ज्योत. पण काजळी दिसत नाही म्हणून हवा शुद्ध असते असं नाही.

मदीनेत एका रात्री एक घर माणसांसकट जळालं, तेव्हा झोपताना आग विझवण्याची ताकीद पैगंबरांनी (स.) दिली. ही हदीस मुलांना पाठ होती. तंबूशी तिचा संबंध आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तर आमचा स्वयंपाक उघड्यावर, सपाट दगडावर, तंबूपासून लांब होईल. सिलिंडर गार झाल्याशिवाय बदलायचा नाही. झोपताना पोटभर खिचडी, कोरडे मोजे, अंगाखाली जाड चटई, कारण गारठा जमिनीतून जास्त चढतो. आणि स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून पांघरुणात पायाशी. झाकण घट्ट आहे ना, ते मी स्वतः पाहणार आहे.